डावीकडचा रूळ

चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला एक व्याख्यान फुकट मिळतं. विषय ठरलेला: माणसाचं नाक चेहऱ्याच्या मध्यभागी असतं हा गैरसमज आहे. ते गिऱ्हाइकासमोर स्टूल ओढून बसतात, छोटी पट्टी त्याच्या भुवयांशी धरतात, नाकापासून डाव्या बुबुळाचं अंतर वेगळं मोजतात, उजव्याचं वेगळं, आणि दोहोंतला फरक एखाद्या जुन्या आजाराचं निदान सांगावं तशा आवाजात सांगतात. "दोन डोळ्यांमधलं अंतर घ्यायचं आणि त्याचं निम्मं करायचं, हे कुणीही करेल," ते म्हणतात. "पण त्याला चष्मा म्हणत नाहीत, डोकेदुखी म्हणतात." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि घरी जाऊन आरशात नाक बघतं. मीही बघितलं होतं. माझं डावीकडे आहे.

अशा माणसाच्या पदरी बोट मात्र अण्णांची पडली. अण्णा म्हणजे त्यांचे सासरे, एका मोठ्या गोदामात कारकून. गोदामाचा मागचा भाग काही वर्षं रिकामा होता, आणि रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी उभं करावंसं वाटणाऱ्या माणसांपैकी अण्णा एक. त्यांनी तिथे शिडाची बोट बांधली. दोन माणसं आरामात आणि चार माणसं भांडत बसतील एवढी, वाकून शिरावं लागेल अशी केबिन, एक डोलकाठी, दोन शिडं. अण्णा गेल्यावर बोट मुलीकडे आली आणि बोटीची दुरुस्ती जावयाकडे. जावई दर हंगामाला एखादी फळी, एखादी बिजागरी सरळ करत आणि म्हणत, "अण्णांचं सगळं अंदाजपंचे." मुलगी ऐकून घेई. वडील तिचे असले तरी बिजागरी खरोखरच वाकडी होती.

या मुलीला आम्ही तलावाच्या धक्क्यावरचे सगळे वहिनी म्हणतो. रविवारी सकाळी दोघं येत. चष्मेवाले सुकाणूवर, वहिनी पुढच्या शिडाच्या दोरांवर. एकट्याने हाकायची ती बोटच नव्हे. पुढचं शीड सांभाळायला दुसरा माणूस लागतोच. घरात या दोघांचं बोलणं 'दूध संपलं' आणि 'दार लावलं का' यापलीकडे फारसं जात नाही, हे दोघंही कबूल करतात. बोटीवर मात्र बोलत. आपल्या लेकीच्या नोकरीबद्दल, दुकान कधी बंद करायचं याबद्दल, कोण आधी मरेल याबद्दलसुद्धा. वाऱ्यात बोलण्याची एक सोय असते: समोरच्याला ऐकू गेलं नसेल असं दोघांनाही धरून चालता येतं.

मग वहिनींचा अंगठा दुखू लागला.

आता इथे थोडं यंत्रशास्त्र आलं, त्याला इलाज नाही. अशा बोटीच्या डेकवर दोन्ही बाजूंना धातूची एकेक लांब पट्टी बसवलेली असते. तिला रूळ म्हणू. रुळावर एक छोटी गाडी सरकते, गाडीवर कप्पी असते आणि पुढच्या शिडाचा दोर त्या कप्पीतून मागे बसलेल्या माणसाच्या हातात येतो. गाडी पुढे घेतली की शिडाची मागची उभी कड ताणली जाते, मागे घेतली की खालची. वारा बदलला की गाडी हलवायची. अण्णांच्या रुळावर ती हलवायची म्हणजे पुढे वाकायचं, गाडीवरची स्प्रिंगची खुंटी अंगठ्याने वर उचलायची, उचललेली धरून गाडी ढकलायची आणि खुंटी पुढच्या भोकात सोडायची. तेही शीड वाऱ्याने भरून दोर ओढत असताना. अंगठ्याच्या मुळाशी सांधा झिजलेल्या बाईने हे करायचं म्हणजे दर वेळी डोळ्यांसमोर तारे.

मागच्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी बोट बांधताना वहिनी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी येणार नाही."

"बघू."

"बघायचं काय त्यात. अंगठा नाही म्हणतो. बोट विकून टाका. अण्णा काही विचारायला येत नाहीत."

चष्मेवाल्यांनी दोराची गाठ पुन्हा आवळली. खरं तर त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती, पण ते धक्क्यावर उभे होते आणि धक्का तसाही थोडा हलतो. आता 'तू येत जा, तुझ्याशिवाय मला करमणार नाही' असं म्हणायला तोंड लागतं, बाकी काही लागत नाही. पण ह्या गृहस्थांना बायको 'थंडी वाजते' म्हणाली तर ते शाल देत नाहीत. खिडकीची फट मोजायला घेतात. ते घरी गेले आणि कॅटलॉग वाचत बसले.

कॅटलॉगात नवीन प्रकारचे रूळ होते. त्यांवरची गाडी बारीक गोळ्यांवर पळते आणि तिला एक वेगळी दोरी बांधलेली असते. मागे बसल्या जागेवरून ती दोरी मुठीत धरून ओढली की गाडी सरकते. खुंटी नाही, वाकणं नाही, अंगठ्याचं काम नाही. त्यांनी बोटीच्या सामानाच्या दुकानदाराला विचारून जोडी मागवली आणि खोकं घरी आल्यावर बायकोला एवढंच सांगितलं, "रूळ बदलतोय. जुने झालेत."

"मी येणार नाही म्हटलंय तरी?"

"विकायची म्हटली तरी काहीतरी दाखवायला नको का गिऱ्हाइकाला?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही सांगता येत नाही. मनात होतं एक, समोर आली सबब, आणि सबब अशी चोख की वहिनींनी ती तशीच्या तशी मानली. बोट विकायची ठरली तर. वहिनींनीच सुचवलेलं, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचीही सोय नव्हती.

रूळ काढायचं काम सुरू झालं ते हंगामाआधीच्या मोकळ्या रविवारांत. बोट पाण्याबाहेर, लाकडी ठोकळ्यांवर. रूळ काढायला दोन माणसं लागतात, कारण बोल्ट डेकमधून आरपार खाली जातो आणि त्याचा नट केबिनच्या आत, छताच्या कोपऱ्यात असतो. एकाने वरून स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा आणि दुसऱ्याने खाली अंग चोरून झोपून पान्याने नट धरून ठेवायचा. वरचं काम बारकाईचं, म्हणून ते आपलं, असं चष्मेवाल्यांनी ठरवलं. वहिनी खाली गेल्या. पान्याच्या दांड्यावर जाड रबरी नळी चढवलेली होती, म्हणजे तो पूर्ण मुठीत बसावा.

"हे काय चढवलंय?" वहिनींनी खालून विचारलं.

"पाना गार लागतो."

"ऊन पडलंय."

"धर तू. फिरतोय का?"

"कोण?"

"नट."

"नट नाही फिरत. मी फिरतेय."

पहिला बोल्ट सुटायला निम्मी सकाळ गेली. अण्णांनी पाणी अडवणारं सीलंट म्हणून जे काही वापरलं होतं, ते बहुधा गोदामातच कुठल्यातरी पिंपात सापडलेलं असावं. ते वाळून दगड झालं होतं. दुसऱ्या बोल्टचं डोकं गुळगुळीत झालं. तिसरा वर निघाला पण नट खाली वहिनींच्या केसांत पडला. चौथा नुसताच गोल फिरत राहिला, वरही येईना आणि घट्टही होईना. शेवटी तो कापावा लागला. कापताना भुसा आणि गंजाचं पाणी खाली गळलं.

"काय पडलं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तुमच्या दुकानातला चष्मा घातलाय मी. त्यावर पडलं. आता काहीच दिसत नाही, म्हणजे बरंच आहे."

शेजारच्या ठोकळ्यांवर एका गृहस्थांची बोट आहे. ती पाण्यात शेवटची कधी गेली होती हे आमच्यातल्या कुणालाच आठवत नाही. गृहस्थ मात्र दर रविवारी हजर असतात. त्यांना सगळे सल्लागार म्हणतात. ते चहाचा कप घेऊन आले, वरून एक नजर टाकली आणि म्हणाले, "आधी तापवायला हवा होता."

"काय?"

"बोल्ट. कापायच्या आधी."

"मग आधी सांगायचं."

"आधी मी नव्हतो ना इथे," सल्लागार म्हणाले आणि चहा पीत उभे राहिले.

रूळ निघाले. त्यांखाली डेकवर भोकांच्या दोन ओळी राहिल्या. चष्मेवाल्यांनी नवा रूळ उजव्या ओळीवर ठेवला. पहिलं भोक पहिल्या भोकावर अचूक बसलं. त्यांच्या चेहऱ्यावर, वहिनींच्या शब्दांत, फोडणी बरोबर बसल्यावर येतं तसं समाधान आलं. दुसरं भोक जरा ढकलून बसलं. तिसऱ्यात बोल्ट तिरका गेला. चौथ्यात तो गेलाच नाही आणि शेवटच्या भोकापाशी तर नव्या रुळाच्या भोकातून अण्णांचं अखंड लाकूड दिसत होतं.

अण्णांचा रूळ इंचांतला होता, नवा मिलिमीटरांतला. चार इंच आणि शंभर मिलिमीटर यांत फरक केवढा, तर टाचणीच्या दोन जाडींएवढा. पण रुळाला एकच भोक नसतं. हा फरक प्रत्येक भोकागणिक वाढत जातो.

चष्मेवाले रूळ काखेत मारून, तो जिथून मागवला त्या दुकानात गेले. बोटीचं सामान विकणारा दुकानदार मोठा शांत माणूस.

"तुम्ही म्हणाला होतात, सगळे रूळ सारखेच असतात."

"सारखेच आहेत."

"भोकं जुळत नाहीत."

"भोकांचं मी कुठे बोललो? रूळ सारखेच. भोकं ज्याची त्याची."

"मग परत घ्या."

"घेतले असते," दुकानदार म्हणाला. "पॅकिंग फोडलंत."

"पॅकिंग फोडल्याशिवाय भोकं कशी दिसणार?"

"तेच तर. सगळ्यांचंच असं होतं."

आता जुनी भोकं बुजवायची आणि नवी पाडायची, याला पर्याय नव्हता. भोकं बुजवायला दोन बाटल्यांतलं मिसळून करायचं इपॉक्सी. ते चष्मेवाल्यांनी इतक्या काळजीने मोजून मिसळलं की बघणाऱ्याला डोळ्यांत घालायचं औषध वाटावं. प्रमाण अचूक होतं. हवा मात्र गार होती आणि इपॉक्सीला प्रमाणाइतकीच ऊब लागते, हे बाटलीवर इतक्या बारीक अक्षरांत छापलं होतं की ते वाचायला चष्मेवाल्यांना आपलाच माल लागला. पुढच्या रविवारी येऊन बघतात तर भोकांत चघळून टाकल्यासारखा चिकट गोळा. जे घट्ट झालं होतं ते खाली केबिनमधल्या गादीवर गळलेलं तेवढं. भोकं पुन्हा कोरून, पुसून, दिव्याची ऊब देऊन पुन्हा भरली. या वेळी चष्मेवाल्यांनी कुणाशी बोलणं सोडून दिलं होतं. सल्लागार आले, बघितलं, तोंड उघडलं, चष्मेवाल्यांकडे पाहिलं आणि मिटलं. त्यांच्या हयातीतली ही एक दुर्मीळ घटना.

शेवटी भोकं बुजली, घासून सपाट झाली, आणि डेकवर दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी दिसू लागल्या. तेव्हाच चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की ओळी सारख्या नाहीत. डावीकडची एक वीतभर मागे आहे, आणि दोन बोटं आत.

त्यांनी पट्टी लावून पाहिलं. मग हसले. बऱ्याच आठवड्यांनी हसले, म्हणून वहिनींनी केबिनमधून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं?"

"इतकी वर्षं ही बोट तिरळी आहे. ये, बघ. उजवा रूळ इथे, डावा तिथे. अंदाजपंचे."

वहिनींनी ठिपक्यांकडे पाहिलं. "अहो, तो डावीकडचा..."

"दिसतंय मला. नाहीतरी नवी भोकं पाडायचीच आहेत. आता सरळच पाडू. एकदा तरी या बोटीत काहीतरी सरळ असू दे. दोरी धर."

"पण अण्णांनी तो..."

"नंतर सांग. आधी दोरी धर. डोलकाठीच्या बरोबर मध्यावर. हलवू नकोस."

वहिनींनी दोरी धरली. बोलायचं होतं ते गिळलं. विकायचीच बोट, घेणारा त्याचं तो बघेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि दोरी जराही हलू दिली नाही. चष्मेवाल्यांनी डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत मध्यरेषा आखली. उजवा रूळ प्रमाण धरला आणि डावा त्याचं आरशातलं प्रतिबिंब असावा तसा मोजून काढला. दोनदा मोजला. मग भोकं पाडली. आयुष्यात इतकी सरळ भोकं कुणी पाडली नसतील. सल्लागारसुद्धा म्हणाले, "झकास." आम्ही सगळ्यांनी झकास म्हटलं. त्यात मीही होतो.

बोल्ट बसले, सीलंट लागलं, नट आवळले गेले. खालून वहिनी, वरून ते.

हंगाम उघडला त्या रविवारी वहिनी आल्या. "एकदाच," त्या धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी चालते की नाही ते बघायला."

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. हकिगती जुळतात, फक्त कोण आधी चिडलं याबद्दल एकमत नाही.

वारा डावीकडून घेऊन निघाले. म्हणजे पुढचं शीड उजवीकडे, आणि दोर उजव्या रुळावरून. वहिनींनी नवी दोरी मुठीत धरली आणि ओढली. गाडी सुळकन मागे आली. सोडली, गाडी पुढे गेली. शीड भरलेलं, दोर ताठ, आणि अंगठा नुसता मुठीवर टेकलेला. गरज नसताना वहिनींनी गाडी आणखी एकदा मागे घेतली, पुन्हा पुढे सोडली. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं आणि सुकाणूकडे नजर वळवली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे इथेच घरी परतायला हवं होतं.

मग बोट वळवली. वारा उजवीकडून, पुढचं शीड डावीकडे. शिडाची मागची कड हुकासारखी आत वळली, पुढची कड खालून फडफडू लागली. बोट कलली, पण पुढे जाईना. वाऱ्याच्या दिशेला तोंड करायला सांगितलं की रुसलेल्या पाहुण्यासारखी भलतीकडे सरके.

"गाडी मागे घे."

"घेतली."

"आणखी."

"संपला रूळ."

"अजून ओढ जरा."

"काय दुकानातून ओढून आणू का?"

पुन्हा वळले. उजव्या रुळावर बोट गुणी बाळ. पुन्हा वळले. डाव्यावर तेच रडगाणं. चष्मेवाल्यांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग शिडाला, मग दुकानदाराला, मग इंचाचा शोध लावणाऱ्याला. शिडाचं टोक सोडून पुन्हा बांधलं. डोलकाठीच्या तारा तपासल्या. एवढी महागाची गाडी, एवढे रविवार, एवढी सरळ भोकं, आणि बोट आधी जशी चालत होती तशीसुद्धा चालेना. त्यांनी सुकाणूचा दांडा सोडला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून बसले. शीड फडफडत राहिलं.

"विकून टाकू," ते म्हणाले. आणि या वेळी ते खरंच म्हणाले होते.

वहिनींनी डाव्या रुळाकडे पाहिलं. "तुम्हाला गोदामातला खांब माहीत आहे का?" त्यांनी विचारलं.

"कुठला खांब?"

"अण्णांनी बोट बांधली तिथे मध्ये खांब होता. बोट जवळजवळ पुरी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पुढचं टोक खांबाला लागतंय. खांब हलणार नव्हता. मग टोक हलवलं. थोडंसंच, उजवीकडे. म्हणाले, कुणाला कळणार आहे."

चष्मेवाले उठून डोलकाठीपाशी गेले आणि पुढे बघू लागले. एकदा कळल्यावर दिसत होतं. बोट केळ्याइतकी नाही, पण काकडीइतकी वाकलेली होती.

"पाण्यात आणली तर अशीच करायला लागली," वहिनी म्हणाल्या. "एका बाजूला छान, दुसऱ्या बाजूला नाही. आई हसली त्यांना, म्हणून आणखीच चिडले. मग त्यांनी डावीकडची कप्पी डेकला नुसती दोरीने बांधली, मला तिथे बसवलं आणि स्वतः सुकाणू धरलं. मी कप्पी बोटभर मागे घ्यायची, बोटभर आत, आणि ते ओरडायचे, पुढे, मागे. मी रडकुंडीला आले. जिथे बोट सरळ चालली तिथे माझ्याच पेन्सिलीने खूण केली. तो डावा रूळ."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, दोरी धर."

"नंतर सांगायचं."

"नंतर काय? तुम्हाला विकायची होती. विकत घेणाऱ्याची बोट कुठल्या अंगाला चालते याचं मला काय पडलंय?" वहिनींनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. "आणि अहो, दुकानात येईल त्याला सांगता, नाक मध्यभागी नसतं, डावं वेगळं मोजा, उजवं वेगळं मोजा. माझ्या नाकाचंसुद्धा, मला बघायला आला होतात तेव्हा, सांगितलं होतंत, माझ्या आईसमोर. मग माझ्या वडिलांच्या बोटीचं टोक तेवढं मध्यभागी असेल, असं कसं वाटलं तुम्हाला?"

इतकी वर्षं जे व्याख्यान चष्मेवाले देत आले, ते पहिल्यांदाच त्यांना समोर बसून ऐकावं लागलं, आणि ते पटलं, हे आणखी वाईट. त्यांनी मध्यरेषा आखून बोटीचं निम्मं केलं होतं. कुणीही केलं असतं.

"विकायची नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

वारा होता. ऐकू गेलं नाही असं धरता आलं असतं.

"विकायची नव्हती. ते आपलं मी असंच म्हटलं. हे सगळं तुझ्या अंगठ्यासाठी."

वहिनींनी हातातल्या दोरीकडे पाहिलं. मग पान्यावर चढवलेली रबरी नळी त्यांना आठवली असावी, कारण त्या म्हणाल्या, "पाना गार लागतो म्हणे."

"आता काय उपयोग. डेकची चाळण झाली."

"चाळण झाली ती तुमच्यामुळे. कप्पी सोडा गाडीवरून."

"कशाला?"

"सोडा म्हणते ना. आणि दोरीचा तुकडा द्या."

त्यांनी कप्पी सोडून दिली. वहिनींनी ती दोरीच्या तुकड्याने डेकच्या कडेला बांधली. गाठ मारताना अंगठा दुखला, तेव्हा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या, पण गाठ नवऱ्याला मारू दिली नाही. मग कप्पी मागे सरकवली, जवळजवळ वीतभर, आणि आत ओढली.

"धरा सुकाणू. हे बरं की आधीचं?"

बोट थोडी सुधारली. वहिनींनी कप्पी बोटभर पुढे घेतली. "आणि आता? हे बरं की आधीचं?"

चष्मेवाल्यांनी शिडाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आणि ज्या उत्तराचा त्यांना आयुष्यभर वैताग आला होता, तेच दिलं. "सारखंच वाटतंय."

"गिऱ्हाईक असं म्हणालं तर तुम्ही काय म्हणता?"

"पुन्हा नीट बघा म्हणतो."

"मग पुन्हा नीट बघा."

त्यांनी नीट बघितलं. "आधीचं."

दुपार कलेपर्यंत त्या दोघांची बोट तलावात एकाच रेषेवर जात-येत होती. धक्क्यावर आम्हाला वाटलं, काहीतरी अडकलंय. सल्लागार तर मदतीला माणूस पाठवायला निघाले होते. परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे उन्हाने लाल आणि आवाज बसलेले. एकमेकांवर ओरडून बसलेले, हे उघड होतं. डाव्या डेकवर पेन्सिलीची खूण होती, जुन्या पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीपासून नखभर अंतरावर. अण्णांपेक्षा नखभर मागे का, यावर दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. वहिनी म्हणतात, शीड जुनं होऊन ताणलंय. चष्मेवाले म्हणतात, अण्णांचं अंदाजपंचे. पण आता हळू म्हणतात.

पुढच्या रविवारी डावा रूळ पुन्हा निघाला. सरळ भोकं बुजवली, त्यामुळे त्या बाजूचा डेक आता गोवर उठल्यासारखा दिसतो. विकायची म्हटली तरी कुणी घेणार नाही. मी धक्क्यावर होतो. या वेळी वहिनी वर बसल्या होत्या, पेन्सिलीच्या खुणेवर ड्रिल टेकवून, आणि खालून, केबिनच्या छताच्या कोपऱ्यातून, चष्मेवाल्यांचा कुरकुरता आवाज येत होता: जागा नाही, मान अवघडली, हा पाना नीट धरता येत नाही, त्यावर नळी चढवल्यामुळे तो फिरतच नाही.

वहिनींनी ड्रिल चालवलं. लाकडाचा भुसा खाली गेला.

"डोळ्यात गेलं," खालून आवाज आला.

"चष्मा घातला नाहीत?"

खालून खिसे चाचपल्याची खुडबुड ऐकू आली. तेवढ्यात सल्लागार कप घेऊन आले, वाकून खूण बघितली आणि म्हणाले, "वहिनी, हा दुसऱ्या बाजूच्या मानाने मागे आहे."

"हो," वहिनी म्हणाल्या, आणि दुसरं भोक पाडायला घेतलं.